भूल, जखम आणि मेंदूतल्या प्रतिकारपेशी

१. दोष भुलीचा की आणखी कशाचा?

ऑपरेशन चांगले झाले, पण भुलीने डोके बिघडले, असे वयस्कर रुग्णांचे नातेवाईक म्हणतात. त्यात तथ्य किती? खुब्याचे हाड मोडल्यावर शस्त्रक्रिया झालेला ऐंशीच्या घरातला रुग्ण दुसऱ्या रात्री सलाइनची नळी उपसू पाहतो, मुलाला भावाच्या नावाने हाक मारतो, घरी निघालो म्हणून पलंगावरून उतरू लागतो. सकाळी फेरीच्या वेळी तोच रुग्ण डॉक्टरांशी बऱ्यापैकी नीट बोलतो. अशा चढउतार होणाऱ्या संभ्रमाला डिलिरियम म्हणतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत तो दिसतो. त्याचा एक गप्प प्रकारही आहे. त्यात रुग्ण नुसता पडून राहतो, विचारले तर अर्धवट उत्तर देतो, आणि दमला असेल म्हणून कोणी लक्ष देत नाही. प्रत्यक्षात हा गप्प प्रकारच जास्त निसटतो.

दुसरी तक्रार याहून वेगळी आणि चिवट असते. ती आठवडे, कधी महिने टिकते. हिशेबाला वेळ लागतो, ओळखीचे नाव ओठांवर येत नाही, वाचलेले पान डोक्यात राहत नाही. १९५५ मध्ये बेडफर्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये वृद्धांच्या मेंदूवर भुलीच्या होणाऱ्या अनिष्ट परिणामांविषयी लिहिले, तेव्हापासून ही तक्रार वैद्यकाच्या नोंदीत आहे. तिचे पहिले मोठे आंतरराष्ट्रीय मोजमाप १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. साठीपुढच्या १,२१८ रुग्णांच्या स्मृतीच्या आणि एकाग्रतेच्या चाचण्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी व नंतर घेतल्या गेल्या. आठवड्याने २५.८ टक्के रुग्णांत घसरण आढळली, तीन महिन्यांनी ९.९ टक्क्यांत.

हे आकडे जसेच्या तसे घेता येत नाहीत. चाचणी पुन्हा दिली की काही जण नुसत्या योगायोगानेही कमी गुण मिळवतात. म्हणून शस्त्रक्रिया न झालेल्या त्याच वयाच्या लोकांचीही चाचणी घेतली होती. त्यांच्यात ‘घसरण’ आठवड्याने ३.४ टक्के आणि तीन महिन्यांनी २.८ टक्के निघाली. वजाबाकी केली की शंभर रुग्णांमागे पहिल्या आठवड्यात सुमारे बावीस आणि तीन महिन्यांनी सुमारे सात रुग्ण उरतात. म्हणजे तक्रार खरी आहे, बहुतेकांत ती ओसरते, आणि थोड्यांत मागे राहते.

मात्र या अभ्यासातून दोष भुलीचा ठरत नाही. नुसती हौस म्हणून कोणी भूल घेत नाही. भूल आणि शस्त्रक्रिया रुग्णाला एकत्रच मिळतात, त्यामुळे कोणाचा वाटा किती हे रुग्णाकडे पाहून सांगता येत नाही. ते समजण्यासाठी आधी मेंदूतल्या प्रतिकारपेशींची ओळख हवी.

२. मेंदूतला दाह

बोटात काटा मोडला की जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. हा दाह. इजा झालेल्या जागी प्रतिकारपेशी जमतात आणि एकमेकींना निरोप देण्यासाठी सायटोकाइन नावाची लहान प्रथिने सोडतात. टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ ही त्यांतली या प्रकरणात वारंवार येणारी नावे. सायटोकाइन रक्तात उतरली की त्यांचा निरोप मेंदूलाही पोहोचतो. फ्लूच्या तापात अन्न नकोसे होते, अंधारात पडून राहावेसे वाटते, वर्तमानपत्रातली बातमी दोनदा वाचूनही कळत नाही, ती बव्हंशी याचीच करणी. विषाणू घशात असतो आणि डोके चालेनासे होते.

मेंदूची स्वतःची प्रतिकारपेशी म्हणजे मायक्रोग्लिया. स्पेनच्या पीओ देल रिओ होर्तेगा यांनी १९१९ मध्ये चांदीच्या क्षाराने मेंदूचे काप रंगवण्याची पद्धत वापरून ती चेतापेशींपासून आणि इतर पेशींपासून वेगळी दाखवली. या पेशी मेंदूत उपजत नाहीत. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळात पीतक पिशवीतून त्या मेंदूत शिरतात आणि पुढे तिथेच राहून आपली संख्या टिकवतात, हे २०१० मध्ये उंदरांत सिद्ध झाले. निरोगी मेंदूत मायक्रोग्लियाचे मधले शरीर स्थिर असते, पण तिचे बारीक फाटे सतत लांब-आखूड होत आजूबाजूची जागा चाचपतात. बिघडलेली पेशी, मेलेल्या पेशीचा कचरा किंवा जंतू लागला की ती आकार बदलते. फाटे आखडतात, शरीर जाड होते आणि ती सायटोकाइन सोडू लागते.

हा बदल मुळात उपकारक आहे. कचरा उचलला जातो, जखम भरते. पण हिप्पोकॅम्पस या नवी आठवण घडवणाऱ्या भागात इंटरल्यूकिन-१ गरजेपेक्षा जास्त झाले, तर चेतापेशींमधल्या जोडण्या पक्क्या होण्यात अडथळा येतो. पेशी मरत नाहीत, जोडण्यांचे काम तेवढे बिघडते. शस्त्रक्रियेनंतरचा विसराळूपणा बहुतेकांत का ओसरतो, याचे एक कारण इथे सापडते.

वयाने मायक्रोग्लिया बदलतात. म्हाताऱ्या उंदराच्या मेंदूत त्या शांत दिसतात, पण अर्ध्या सज्ज असतात. थंड तव्यावर पाण्याचा थेंब पडला तर नुसता पडून राहतो आणि तापलेल्या तव्यावर तोच थेंब चरचरतो, तसे होते. तेवढ्याच इजेला तरुण मेंदू थोडे आणि थोडाच वेळ उत्तर देतो, म्हातारा मेंदू जोरात आणि लांबलचक देतो. अल्झायमरसारखा आजार आतून सुरू झालेला असेल, तर तवा आणखी तापलेला.

३. भुलीचे औषध प्रतिकारपेशीपर्यंत कसे जाते

भुलीची औषधे चेतापेशींवर काम करतात, हे सर्वांना ठाऊक असते. प्रोपोफॉल आणि श्वासातून दिली जाणारी आयसोफ्ल्युरेन, सेव्होफ्ल्युरेन ही औषधे मुख्यतः गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतात. केटामिन ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचा एक दरवाजा बंद करते. डेक्समेडेटोमिडिन नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा स्राव कमी करून झोपेच्या जवळची अवस्था आणते. पेशीच्या पृष्ठभागावर ज्या प्रथिनाला रसायन चिकटते त्याला ग्राही म्हणतात. अडचण अशी, की यांतले बरेच ग्राही फक्त चेतापेशींवर नसतात. प्रतिकारपेशींवरही ते आढळतात, आणि औषधाला हा भेद कळत नाही.

काही औषधे तर वेगळ्याच जागी चिकटतात. पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडतात त्यासाठी त्यांच्यावर एलएफए-१ नावाचे प्रथिन असते. आयसोफ्ल्युरेनचा रेणू या प्रथिनाच्या एका खाचेत बसतो आणि पेशीची पकड सैल होते. भुलीचा हा परिणाम बेशुद्धीशी काडीचाही संबंध नसलेला आहे.

सगळ्यात चकित करणारा मार्ग अप्रत्यक्ष आहे. मायक्रोग्लियाचे फाटे सतत हलतात, हे २००५ मध्ये जिवंत उंदराच्या पातळ केलेल्या कवटीतून सूक्ष्मदर्शकाने पाहिले गेले, आणि तो शोध पुढे सगळ्या पुस्तकांत गेला. उंदीर अर्थातच भुलीखाली होते, कारण एरवी ते स्थिर राहत नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी जाग्या उंदरांत हेच निरीक्षण केले, तेव्हा चित्र बदलले. जागेपणी फाटे आखडलेले होते. भूल दिली की ते लांब पसरत आणि जास्त जागा चाचपत. कारण नॉरअ‍ॅड्रेनॅलिन निघाले. जाग्या मेंदूत ते भरपूर असते आणि मायक्रोग्लियावरच्या बीटा-२ ग्राहीमार्फत त्यांना आवरून धरते. भुलीत ते घटते आणि लगाम सुटतो. मायक्रोग्लियाची ‘स्वाभाविक’ हालचाल म्हणून जे चौदा वर्षे शिकवले गेले, त्यातला बराच भाग भुलीचा परिणाम होता. प्रयोगाच्या सोयीसाठी दिलेले औषध निष्कर्षात कसे शिरते, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

संबंध उलट दिशेनेही आहे. औषधाने मायक्रोग्लिया जवळपास नाहीशा केलेल्या उंदरांना भूल चढायला जास्त वेळ लागतो आणि ते लवकर जागे होतात, हे २०२३ मध्ये दिसले. पुढच्याच वर्षी आणखी एक तपशील पुढे आला. भुलीत पसरलेले फाटे चेतापेशींच्या शरीराशी जाऊन शांत करणाऱ्या जोडण्यांच्या मध्ये घुसतात, आणि जाग येताना चेतापेशी काही काळ गरजेपेक्षा जास्त चेतवल्या जातात. शुद्धीवर येताना काही रुग्ण हातपाय झाडतात, त्याच्याशी याचा संबंध असेल का, हे माणसांत पाहणे बाकी आहे.

४. सुरीचा वाटा

भूल आणि जखम यांना वेगळे करणे रुग्णांत अवघड असले तरी प्राण्यांत शक्य असते. एका गटाला नुसती भूल, दुसऱ्याला भूल आणि शस्त्रक्रिया, तिसऱ्याला काहीच नाही. २००७ मध्ये उंदीरवर्गातल्या रॅटमध्ये प्लीहा काढण्याचा असा प्रयोग झाला. शस्त्रक्रिया झालेल्या प्राण्यांची स्मृती काही दिवस खालावली आणि हिप्पोकॅम्पसमध्ये दाहाच्या खुणा दिसल्या. नुसत्या भुलीच्या गटात तसे झाले नाही.

पुढच्या काही वर्षांत उंदरांत नडगीचे हाड मोडून बसवण्याच्या प्रयोगांतून वाट टप्प्याटप्प्याने उघडली. तुटलेल्या पेशींतून एचएमजीबी-१ सारखी, एरवी पेशीच्या आत राहणारी प्रथिने बाहेर सांडतात. प्रतिकारपेशी त्यांना धोक्याची खूण समजतात आणि टीएनएफ-अल्फा सोडतात. त्याने रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा, म्हणजे मेंदूतल्या केशवाहिन्यांची घट्ट भिंत, काही काळ झिरपू लागते. रक्तातल्या भक्षकपेशी हिप्पोकॅम्पसमध्ये शिरतात, मायक्रोग्लिया जाग्या होतात आणि इंटरल्यूकिन-१ वाढते. शस्त्रक्रियेआधी टीएनएफ-अल्फाला निकामी करणारे प्रतिपिंड टोचले, तर ही साखळी पहिल्याच कडीशी अडते आणि उंदराची स्मृती बरीच वाचते. मोडलेले हाड पायात असते आणि विसर मेंदूत पडतो, तो असा.

शरीराकडे याला आवर घालणारी यंत्रणाही आहे. व्हेगस ही मेंदूतून पोटापर्यंत जाणारी चेता अ‍ॅसिटिलकोलिनच्या मदतीने भक्षकपेशींना टीएनएफ कमी करायला लावते. वृद्धांना दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी अ‍ॅसिटिलकोलिनचे काम अडते. ही औषधे डिलिरियम वाढवतात हे अनुभवाने आधीच माहीत होते.

५. औषधागणिक फरक

मग भुलीचे औषध निर्दोष म्हणावे का? तसेही नाही. जखमेने पेटलेला दाह औषध वाढवू शकते किंवा दाबू शकते, आणि कोणते औषध काय करते हे मात्रेवर, वयावर आणि दाह आधीच पेटला आहे की नाही यावर ठरते.

प्रोपोफॉलचा रेणू रचनेने ई जीवनसत्त्वासारख्या ऑक्सिडेशनरोधकांच्या जवळचा आहे. जिवाणूच्या कवचातला पदार्थ टाकून चेतवलेल्या मायक्रोग्लियावर ते घातले, तर टीएनएफ-अल्फा आणि नायट्रिक ऑक्साइड कमी सुटतात. बशीतल्या पेशींवरचा हा निकाल पुष्कळदा मिळाला आहे, पण बशीत जखम नसते, रक्त नसते आणि म्हातारपणही नसते.

श्वासातून दिल्या जाणाऱ्या औषधांचे वर्तन दुतोंडी आहे. उंदराच्या मेंदूत नुसत्या आयसोफ्ल्युरेनने टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ वाढल्याचे दाखले आहेत. याउलट फुप्फुसाच्या किंवा रक्तपुरवठा तुटलेल्या अवयवाच्या प्रयोगांत हीच औषधे दाह कमी करतात. केटामिन शस्त्रक्रियेनंतर रक्तातले इंटरल्यूकिन-६ काहीसे खाली आणते. लिग्नोकेन हे बधिर करण्याचे औषध शिरेतून दिले तर त्याचाही दाहरोधक गुण दिसतो. डेक्समेडेटोमिडिन ताणाची संप्रेरके घटवते आणि त्यामागोमाग दाहाच्या खुणाही. मात्र याच औषधाने नॉरअ‍ॅड्रेनॅलिन कमी होते आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन तर मायक्रोग्लियाला आवरते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांची बेरीज कागदावर मांडून येत नाही.

६. लहान मुले

विकसित होणाऱ्या मेंदूची गोष्ट स्वतंत्र आहे. उंदराच्या पिल्लांना सेव्होफ्ल्युरेन तीनदा दिल्यावर मेंदूत दाह वाढला आणि पुढे शिकण्यात घट दिसली. मोठ्या उंदरांत तसे झाले नाही. अशा प्रयोगांमुळे २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार भूल देण्याबाबत इशारा दिला. पालकांना दिलासा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीतून मिळाला. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी ७२२ तान्ह्या बाळांपैकी काहींना सेव्होफ्ल्युरेनची पूर्ण भूल आणि काहींना जागेपणी शरीराचा भाग बधिर करणारी भूल दिली होती. पाचव्या वर्षी बुद्ध्यांकात फरक आढळला नाही. एकदाच दिलेली, तासाभराच्या आतली भूल त्यामुळे चिंतेची नाही. लांब आणि वारंवार दिलेल्या भुलीबद्दल हा अभ्यास काहीच सांगत नाही.

७. माणसांवरची कसोटी

दोष पूर्ण भुलीचा असेल, तर पाठीत इंजेक्शन देऊन फक्त कमरेखालचा भाग बधिर केलेल्या रुग्णांना डिलिरियम कमी व्हायला हवा. आपल्याकडे खुब्याच्या शस्त्रक्रियांत ही पद्धत सर्रास वापरली जाते, आणि त्यामागे अनेकदा हाच हिशेब असतो. २०२१ मध्ये अमेरिका व कॅनडातल्या १,६०० रुग्णांच्या चाचणीत खुब्याच्या अस्थिभंगानंतर पाठीच्या भुलीत डिलिरियम २०.५ टक्के आणि पूर्ण भुलीत १९.७ टक्के निघाला. पाठीच्या भुलीतल्या रुग्णांनाही गुंगीचे औषध दिले होते, असा आक्षेप त्यावर घेता येतो. म्हणून चीनमधली चाचणी महत्त्वाची. तिथे ९५० रुग्णांपैकी अंगाचा भाग बधिर केलेल्यांना गुंगी दिलीच नव्हती. तिथेही फरक नव्हता. प्रमाण होते ६.२ आणि ५.१ टक्के. प्राण्यांनी सांगितलेली गोष्ट माणसांनी उचलून धरली.

भुलीची खोली महत्त्वाची आहे का, याचे उत्तर मात्र दोन्ही बाजूंनी मिळते. मेंदूच्या विद्युतलहरी पाहत भूल हलकी ठेवण्याच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत डिलिरियम कमी झाला नाही. २०२१ मधल्या दुसऱ्या चाचणीत हलक्या भुलीत १९ टक्के आणि खोल भुलीत २८ टक्के रुग्णांना तो झाला.

दाह दाबणाऱ्या औषधांचे निकालही सरळ नाहीत. २०१६ मध्ये बीजिंगमध्ये अतिदक्षता विभागातल्या ७०० वयस्कर रुग्णांवर चाचणी झाली. डेक्समेडेटोमिडिनच्या अगदी लहान मात्रेने डिलिरियम २३ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला. शंभरांत चौदा रुग्ण वाचले, म्हणजे साधारण सात जणांना औषध दिले की एकाचा डिलिरियम टळला. पण हृदयाच्या शस्त्रक्रियांतल्या मोठ्या चाचणीत हा फायदा दिसला नाही. केटामिनच्या ६७२ रुग्णांच्या चाचणीत डिलिरियम तेवढाच राहिला आणि भास वाढले. दाह दाबण्यात सगळ्यात तगडे औषध म्हणजे स्टेरॉइड. हृदयशस्त्रक्रियेच्या ७,५०७ रुग्णांच्या चाचणीत ते देऊन पाहिले, तरी डिलिरियममध्ये फरक पडला नाही.

दाह हेच कारण असेल, तर दाहरोधक निष्प्रभ कसे ठरतात? एक उत्तर वेळेत असावे. स्वीडनमध्ये पुरःस्थ ग्रंथीची शस्त्रक्रिया झालेल्या आठ पुरुषांच्या मेंदूचे पेट स्कॅन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मायक्रोग्लियासह प्रतिकारपेशींची सक्रियता दाखवणारी खूण मोजली होती. अपेक्षा वाढीची होती. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती सरासरीने सुमारे चौथाईने घटलेली होती आणि तीन महिन्यांनी पूर्ववत किंवा काहींत त्याहून वर गेलेली. रुग्ण आठच आहेत, त्यावर इमारत रचता येत नाही. पण माणसाच्या मेंदूतला दाह उंदरासारखा सरळ चढत नसून आधी दबतो आणि मग उसळतो, असे असेल, तर सर्वांना एकाच वेळी एकच औषध देऊन उपयोग का होत नाही, हे समजते. आधीच दबलेल्या पेशी आणखी दाबण्यात अर्थ नसतो.

८. आज काय करता येते

मायक्रोग्लियाला नेमके आवरणारे औषध आज शस्त्रक्रियागृहात नाही. डिलिरियम कमी करण्याचे जे उपाय टिकले, ते साधे आहेत. साठीपुढच्या रुग्णाची विसरभोळेपणाची तक्रार, रोजची झोपेची गोळी, दारूचे प्रमाण आणि आधीच्या ऑपरेशननंतर झालेली बडबड ही माहिती शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत भूलतज्ज्ञाला सांगायची असते. अनेकदा नातेवाईक हे संकोचाने लपवतात, आणि मग गुंगीच्या औषधाची निवड अंदाजाने होते. वेदना नीट शमवणे, पाणी कमी पडू न देणे, रात्री झोप मोडणारी कामे टाळणे आणि शक्य तितक्या लवकर उठवून बसवणे ही पुढची कामे. चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी ऑपरेशनआधी काढून पिशवीत ठेवतात, ती शुद्ध आल्यावर लगेच परत लावायची असतात. ऐकू न येणाऱ्या, न दिसणाऱ्या रुग्णाला आपण कुठे आहोत हे कळत नाही, आणि संभ्रम तिथूनच वाढतो. घरचे ओळखीचे माणूस जवळ असणे हेही या उपायांत मोडते. डिलिरियम झालाच, तर तो सहसा काही दिवसांत उतरतो. तो उतरल्यावरही विसराळूपणा तीन महिन्यांनंतर तसाच राहिला, तर मात्र ‘भुलीचा परिणाम’ म्हणून सोडून न देता मेंदूविकारतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी लागते, कारण शस्त्रक्रियेच्या ताणाने आधीपासून आत चालू असलेला एखादा आजार उघडा पडलेला असू शकतो.